वाटाण्याचा वेल आणि चित्रकलेचा तास

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात नववीच्या वर्गात खिडकीखाली आम्ही एक वाटाणा लावला. कुंभाराकडची साधी कुंडी, त्यात काळी माती, थोडी वाळू आणि मूठभर शेणखत. समोर बाक, बाकावर चार विटा आणि विटांवर सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून बांधलेला माझा जुना मोबाइल. नियम एकच, मोबाइलला हात लावायचा नाही. हात न लावता फोटो कसा काढायचा, हे पोरांनीच शोधलं. इयरफोनच्या वायरीवरचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो. तासाची घंटा झाली की ज्याची पाळी त्याने उठून बटण दाबायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. दिवसाला आठ तास, आठ फोटो. शनिवारी अर्धी शाळा, चार फोटो. रविवारी शाळेमागच्या गल्लीत राहणारी एक मुलगी शिपाईमामांकडून किल्ली घेऊन दोनदा येऊन जायची.

मी चित्रकलेचा शिक्षक. लासूर स्टेशनला एकतीस वर्षं शिकवलं, २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि अजूनही आठवड्यातले दोन दिवस एका शाळेत जातो. नोकरीला लागलो तेव्हा मनमाडहून येणारी गाडी मीटरगेजची होती. आता ब्रॉडगेज आहे, मोंढ्यात कांद्याचे ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि गावाच्या तोंडावळ्यात बराच फरक पडलाय. चित्रकलेच्या तासाचं मात्र अजूनही काही खरं नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी वाटाणा.

चोवीस दिवसांत एकशे बासष्ट फोटो झाले. ते एकापुढे एक लावून पळवले तर जेमतेम दहा सेकंद. वीज गेली होती त्या तासाचे फोटो काळे आलेले, त्यामुळे चित्र मध्येच डोळा मिटल्यासारखं होतं. सकाळचं ऊन आणि दुपारचा उजेड यांत फरक, म्हणून कुंडी लुकलुकते. पण त्या दहा सेकंदांत माती फुगते, तडकते, एक वाकलेला कोंब मान खाली घालून वर येतो आणि मग ताठ होतो. पानं उघडतात. आणि शेवटी शेंड्याचा तणावा बाहेर पडून हवेत गोल गोल फिरायला लागतो. हे फिरणं आम्ही चोवीस दिवस समोर बसूनही पाहिलं नव्हतं. रोजच्या डोळ्याला ते दिसतच नाही. रविवारी येणारी ती मुलगी पुढे वाकून म्हणाली, “सर, हे तं काहीतरी हुडकतंय!” आधाराला काडी हुडकत होतं ते. तिच्या वडिलांचं शेत आहे, वेलाला काडी द्यावी लागते हे तिला लहानपणापासून ठाऊक. वेल स्वतः ती काडी शोधत फिरतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

हा प्रयोग माझा नाही. तो दादासाहेब फाळक्यांचा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी सिनेमाला पैसे घालायला माणसं तयार व्हावीत म्हणून फाळक्यांनी घरात कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत बसले. ‘अंकुराची वाढ’ असं त्या मिनिटभराच्या पट्टीचं नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी त्यांना पैसे दिले. म्हणजे भारतातल्या पहिल्या कथापटाचं भांडवल एका वाटाण्याने उभं केलं.

रोज एकच चौकट टिपली, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. ते मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. त्या काळी पडद्यावर सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी जात. रोज एक, तर महिन्याच्या तीस, म्हणजे दोन सेकंद सुद्धा नाहीत. मिनिटभराला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात. तेव्हा दिवसाकाठी पंचवीस-तीस तरी टिपल्या असणार. म्हणजे तासाला एक धरली तरी पुरत नाही. जागं राहणं आलं, उजेड सारखा ठेवणं आलं, आणि त्या घरात लहान मुलं वावरत होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंधारात फिल्मला भोकं पाडायला शिकून घेतलं होतं, फिल्म धुवायलाही त्या शिकल्या होत्या. हिशेब झाल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. एकशे बासष्ट फोटोंना त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून त्यांना साडेनऊशेचा अर्थ कळला. पुस्तकातला एक ओळीचा धडा अंगात उतरतो तो असा.

आणि फाळके कोण होते? जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकलेले. छापखाना चालवलेला, पुराणवस्तू खात्यात काम केलेलं. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यापेटीतल्या काड्या स्वतःहून हलतात, रांगा करतात, आकार घेतात. एक काडी दोन केस सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. आगकाड्या नाचवण्याचे असे खेळ युरोपात त्याआधी झालेले होते. फ्रान्सच्या एमिल कोलने १९०८ मध्ये काड्यांचं चित्र केलं आणि त्याच वर्षी काही शे रेखाटनांतून ‘फँटस्मागोरी’ही केली. फाळक्यांचं मोठेपण पहिलेपणावर अवलंबून नाही. आपल्या अंगणात, आपल्या काडीपेटीने तीच करामत साधता येते हे त्यांनी दाखवलं, याचं मला कौतुक आहे.

त्याच्याही मागे जायचं तर कल्याणला जावं लागतं. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर टाकून पुराणातल्या गोष्टी दाखवायला सुरुवात केली. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचं नाव. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या हालचालींच्या काचा रंगवायच्या आणि झपाझप बदलायच्या, की पडद्यावरचं पात्र हात हलवतं. पॅरिसला ल्युमिए बंधूंचा खेळ झाला तो १८९५ च्या डिसेंबरात. त्याच्या तीन वर्षं आधी मराठी माणसं अंधारात बसून रंगवलेली माणसं हलताना पाहत होती. पटवर्धनांनी हा खेळ घेऊन मुलांसह गावोगाव दौरे केले.

मग प्रभात. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी केलेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि दुसऱ्याच वर्षी तिथून ‘जंबू काका’ हे कार्टून निघालं. जंबू म्हणजे आपल्या गोष्टींतला कोल्हा. करणारे रघुनाथ केळकर. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचं ‘द पी ब्रदर्स’ पडद्यावर आणलं. पुन्हा वाटाणेच, हा योगायोग मला फार आवडतो. १९३४ हे वर्ष आपल्याकडच्या कार्टूनचं जन्मवर्ष मानायला हरकत नाही.

पण केळकरांचं नाव आज कोणाला माहीत आहे? मी ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केली तेव्हा आम्हाला कलेच्या इतिहासात मायकेलअँजेलो होता, रविवर्मा होता, केळकर नव्हते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ सगळे सांगतात, आणि सांगायलाच हवा. पण तो करणारे दामले-फत्तेलाल मूळचे रंग आणि कुंचल्यातले, कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवत सिनेमाकडे वळले. चित्रं काढणारी माणसं एका जागी जमली होती, म्हणूनच त्या कंपनीत कार्टूनसारखं चिवट काम करून बघायची उमेद आली, असं मला वाटतं.

मग एका जंबू काकाची मालिका का झाली नाही? अमेरिकेत फेलिक्स मांजर १९१९ पासून एकामागून एक चित्रांत येत होतं. मिकीचं ‘स्टीमबोट विली’ १८ नोव्हेंबर १९२८ ला लागलं आणि मग थांबलंच नाही. याचं कारण कामाच्या रीतीत आहे. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा रेखाटनं लागतात. सात मिनिटांच्या गोष्टीला पाच हजार. १९१४ पासून पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रं काढून खाली एकच देखावा ठेवायची पद्धत आली, त्याने बराच भार उतरला. तरी पात्राचा प्रत्येक हात, प्रत्येक पाय कोणाला तरी काढावाच लागतो. एक जण मुख्य हालचाली काढणार, दुसरा मधल्या भरणार, तिसरा शाई फिरवणार, चौथा रंग लावणार. तिथल्या थिएटरांत मुख्य चित्राआधी सात मिनिटांचं कार्टून दाखवायची वहिवाट होती, त्यासाठी ठरावीक पैसे मिळत, त्यावर हे सगळे जण वर्षभर पगारावर ठेवता येत. आपल्याकडे तिकीट काढणारा माणूस तीन-तीन तासांचा संगीतपट बघायला यायचा. सात मिनिटांच्या कोल्ह्याला वेगळे पैसे कोण देणार? केळकरांनी पुन्हा पुन्हा कोल्हा काढावा अशी बाजारपेठच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ती जागा सरकारने भरली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ च्या सुमारास कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे ‘स्नो व्हाइट’, ‘बाम्बी’, ‘पीटर पॅन’ यांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांचा जन्मही भारतातला, मिशनऱ्याच्या घरातला. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये ‘द बनियन डियर’ झालं, जातककथेतल्या हरणाची गोष्ट. अजिंठ्याच्या भिंतींवरही जातककथाच रंगवलेल्या आहेत, म्हणून हे वाचलं तेव्हा मला आमच्या जिल्ह्याचा अभिमान वाटला. शाळेची सहल अजिंठ्याला गेली की सतरा नंबरच्या लेण्यात मी मुलांना विश्वंतराची भिंत दाखवतो. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, कधी महालात, कधी रथात, कधी अरण्यात. बॅटरीचा झोत डावीकडून उजवीकडे सरकवत नेला की राजपुत्र चालायला लागतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने चित्रं काढली, हलवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलं.

फिल्म्स डिव्हिजनचं असलंच एक छोटं कार्टून मी लहानपणी औरंगाबादच्या टॉकीजमध्ये पाहिलं, मोठ्या सिनेमाच्या आधी. कुटुंबनियोजनाचं होतं. दोन रेषांचा बाप, तीन रेषांची आई आणि वाढत जाणारी पोरं. लोक बाहेर विडी ओढत होते. मी मामाला विचारलं, हे यंत्र कसं काढतं? मामा म्हणाला, “यंत्र कशाला काढतंय? माणूस बसून काढतो, एकेक.” कोण माणूस, कुठे बसून, हे मामाला ठाऊक नव्हतं. मी चित्रकला शिक्षक झालो त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

या कामातल्या दोन माणसांची नावं मला पुढे कळली. एक राम मोहन. ते १९५६ मध्ये त्या विभागात आले आणि पुढे साठ वर्षं मुंबईत हेच काम करत राहिले. दुसऱ्या विजया मुळे. जन्म १९२१ चा, मुंबईचा. १९७४ मध्ये त्यांनी ‘एक अनेक और एकता’ केलं. ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ती गोष्ट ज्यांनी दूरदर्शनवर पाहिली, त्यांना ती आजही आठवते. सात मिनिटांत लहान मुलांना ‘अनेक’ म्हणजे काय ते समजावून देणं, हे शिक्षकाचं काम आहे. मुळेबाईंनी ते शिक्षकासारखं केलं. हे दोघंही २०१९ मध्ये गेले. मी त्याच वर्षी निवृत्त झालो, म्हणून ते साल माझ्या लक्षात आहे.

आज आमच्या गावातली चार वर्षांची पोरं हिंदीत भांडतात. ‘रुको’ म्हणतात, ‘बचाओ’ म्हणतात. घरात कोणी हिंदी बोलत नाही, हे टीव्हीवरचं आणि मोबाइलवरचं कार्टून बोलतं. त्या कार्टूनवर माझा राग नाही, चांगली असतात, मुलं हसतात. पण कांद्याची चाळ, कापसाची गाडी, शिवना नदीचं कोरडं पात्र, लासूरगावच्या देवीची यात्रा हे सगळं ज्यात आहे असं एकही कार्टून त्यांनी पाहिलेलं नाही. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायची, ती २०१७ मध्ये बंद झाली. तेव्हापासून मराठी कार्टून मालिका हवी, अशी मागणी अधूनमधून सभांमधून होते, ठराव होतात.

माझं म्हणणं असं, की मालिका वरून मागून मिळणार नाही. पाच हजार चित्रं काढणारे हात आधी लागतात आणि ते हात शाळेत तयार होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करत करत एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्या मुलांतूनच पुढचा केळकर यायचा आहे. आणि शाळेतली परिस्थिती काय? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तरच कलेसाठी अर्धवेळ निदेशक मिळतो. शंभराच्या आत असेल तर नाही. शहरातल्या शाळेला हा आकडा काहीच नाही. आमच्या भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवर शंभर मुलं कुठून आणायची? त्या मुलाने हातात कुंचला धरायचा की नाही, हे त्याच्या गावात किती मुलं जन्माला आली यावर ठरतं. कोणताही बाप आपल्या मुलासाठी हा नियम मान्य करणार नाही.

जिथे शिक्षक आहे तिथेही तास राहत नाही. परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेचा जातो. माझ्या नोकरीत एका शाळेत सलग दोन वर्षं जानेवारीपासून माझे सगळे तास गणिताला दिले गेले. माझ्या वर्गात वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर सोडायची, हा खेळ चालायचा. एका मुलाने बैलगाडीच्या चाकाची सत्तर पानं काढली होती, आऱ्या फिरताना दिसायच्या. ती वही त्या वर्षी कोणी बघितलीच नाही. सत्तर पानांत चाकाच्या आऱ्या समान अंतरावर ठेवायला कोन मोजावे लागतात. त्याने ते कंपासने मोजले होते. तो भूमितीचाच तास होता की.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती पैशांच्या हिशेबानेही झेपणारी आहे. पटाची अट शाळेला लावू नका, केंद्राला लावा. आपल्याकडे दहाबारा शाळांचं एक केंद्र असतं, केंद्रप्रमुख असतो. केंद्रामागे एक पूर्णवेळ चित्रकला शिक्षक द्या. तो आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी त्या-त्या शाळेत जाईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांचं संकुल करून कला, संगीत, खेळाचे शिक्षक वाटून घ्यावेत असं लिहिलंच आहे. ते कागदावरून बांधावर आणा. आणि पाचवीपासून आठवीपर्यंत प्रत्येक वर्षी प्रत्येक वर्गाने एक हलतं चित्र करावं. कधी वाटाणा, कधी आगकाड्या, कधी वहीचा कोपरा. त्यासाठी यंत्र लागत नाही. जुना मोबाइल आज प्रत्येक गावात चार घरं सोडून पाचव्यात पडून असतो.

दुसरी एक गोष्ट पुण्यात करता येईल. फिल्म संग्रहालय तिथेच आहे. फाळक्यांपासून प्रभातपर्यंत आणि फिल्म्स डिव्हिजनपासून मुळेबाईंपर्यंत जे काही शिल्लक आहे, ते मराठी निवेदनासह एका चकतीत किंवा एका दुव्यावर प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला द्यावं. पाऊण तासाचा कार्यक्रम होईल. ज्यांची चित्रं हरवली आहेत त्यांची निदान नावं, आणि त्यांनी काम कसं केलं ते सांगावं. माझ्या मामाला जे सांगता आलं नाही, ते आजच्या मुलांना सांगता यायला हवं.

इथून आठ किलोमीटरवर एका वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे. मुलं सव्वीस, शिक्षक दोन. येत्या सोमवारी मी तिथे जातोय, गुरुजींनी वेळ दिला आहे. नववीतली ती रविवारची मुलगीही येणार आहे, तिच्याकडे एकशे बासष्ट फोटोंचं चित्र आहे, ते आधी दाखवायचं. रविवारी रात्री वाटाणे भिजत घालीन. विटा तिथे आहेत म्हणाले, सायकलची ट्यूब मी नेतो आहे.